सत्तावीस टोपल्यांचा मान

चैत्रातला मंगळवार होता. सूर्य माथ्यावर आला होता. पिंगळखडी गावात बयाजी पाटलांच्या घरासमोर सगळं गाव गोळा झालं होतं. दाराचं नवं कुलूप शाबूत होतं. घरातल्या पेटीतलं दागिन्यांचं गाठोडं मात्र नव्हतं. दारापुढचं अंगण झाडून कोरं केलेलं होतं, आणि त्या कोऱ्या अंगणात घरच्यांची आत्ताची पावलं सोडली तर एकाच माणसाची पावलं उमटली होती.

एवढं सगळ्यांनी पाहिलं. पुढं जे झालं तेही सगळ्यांनीच पाहिलं. तरी ही गोष्ट सांगताना पिंगळखडीत आजही प्रत्येक जण म्हणतो, असं म्हणतात. जसा काही आपला खापरपणजोबा त्या दिवशी परगावी गेला होता.

तर ऐका. फार वर्षं झाली त्याला. किती, ते नेमकं कोणी सांगत नाही. तेव्हा ह्या माळावर कुलूप कोणाला ठाऊक नव्हतं. रात्री माणसं आतून अडसर घालून निजत. पण दिवसा घर मोकळं टाकून शेतावर जायचं, परगावी जायचं, तेव्हा काय करायचं? तेव्हा पिंगळखडीच्या बायका एक काम करत. कडीत एक काडी खोवत, खराटा घेत आणि उंबऱ्यापासून मागं मागं सरत सगळं अंगण झाडून काढत. शेवटचं पाऊल अंगणाबाहेर पडलं की आपलंच पाऊल पुसून टाकत. ह्याला म्हणत अंगण कोरं करणं. पिंगळखडीची माती पिठासारखी. तिच्यावर चिमणी नाचली तरी दिसे. घरी परतल्यावर माणूस दाराकडे बघत नसे, आधी अंगणाकडे बघे. अंगण कोरं असलं की घर जसंच्या तसं. अंगणात परकं पाऊल दिसलं की त्यात पाय न घालता माणूस हाक मारी, "नाईक! अवं हैबती नाईक!"

हैबती नाईक हा गावाचा रामोशी. म्हणजे राखणदार. गाव वसलं तेव्हापासून राखण त्याच्याच घराण्याकडे होती. त्याची झोपडी वेशीबाहेर, माळाच्या कडेला. घरात तो आणि त्याची बायको धुरपा. उंच, वाळका माणूस. चालताना मान कायम खाली. गावात नव्यानं आलेल्याला वाटे की हा फार लाजाळू दिसतोय. तो लाजाळू नव्हता. तो जमीन वाचत होता.

असं म्हणतात की माणसाचं पाऊल बघून हैबती त्याचं वय सांगे, गाव सांगे, आणि तो उपाशी आहे की जेवून निघालाय तेही सांगे. विहिरीवरून परतणाऱ्या बायांची पावलं बघून एकदा तो धुरपाला म्हणाला, "तेल्याच्या सुनेला आता जड घागर उचलू देऊ नगा म्हणावं." त्या सुनेला दिवस गेलेत हे तोवर तिला स्वतःलाही कळलेलं नव्हतं.

एकदा केरबा तेल्यानं त्याची गंमत करायची ठरवली. त्यानं मेव्हण्याच्या वहाणा घातल्या आणि वेशीपासून देवळापर्यंत उलटा चालत गेला. मग हैबतीला बोलावून म्हणाला, "नाईक, ह्यो कोन परका मानूस देवळातनं वेशीकडं गेलाय बघा की जरा." हैबतीनं चार पावलं पाहिली आणि खाली बघतच म्हणाला, "वहाणा मेव्हण्याच्या, चाल खेकड्याची, पन पोट केरबाचं. एवढं पोट पुढं घिऊन मागं चाललं की टाच अशीच रुतती." गाव हसलं. केरबा महिनाभर देवळाकडे फिरकला नाही.

चोरी झाली की हैबती एक काम पहिल्यांदा करी. टोपल्या मागवी. ज्या घरी जी असेल ती. चोराच्या प्रत्येक ठळक पावलावर तो एक टोपली पालथी घाली, म्हणजे वारा आला, गुरं आली तरी माग मोडत नसे. मग एकेक टोपली उचलत तो पुढं निघे आणि गाव त्याच्या मागं चाले. माग शिवेपर्यंत गेला की तिथं शेजारच्या गावाचा राखणदार येई. हैबती शेवटच्या पावलावरची टोपली उचलून म्हणे, "हा घ्या तुमचा माग." त्या गावानं मग एक तर तो माग पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा, नाहीतर आपल्या गावातून चोर काढून द्यायचा. असा पंचक्रोशीचा रिवाज होता. माग ज्याच्या हद्दीत संपला, जबाबदारी त्याची. पाटील असो की महाजन, त्याला पळवाट नव्हती.

आणि मागकऱ्याला एक नेम होता. जमीन जे सांगेल ते चारचौघांत, मोठ्यानं सांगायचं. एका वर्षी शेजारच्या बोरजाई गावाच्या बाजूनं एक माग निघाला तो थेट हैबतीच्या सख्ख्या साडूच्या दारात जाऊन थांबला. हैबतीनं दारातली टोपली उचलली, साडूचं नाव घेतलं आणि त्याला धरून दिलं. धुरपा त्यानंतर वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. भाकरी वाढायची ती भिंतीकडे बघून. हैबती एवढंच म्हणाला, "मागाला नातं नसतं."

त्याच्या उभ्या आयुष्यात पिंगळखडीतून गेलेली वस्तू परत आली नाही असं एकदाही झालं नाही, असं म्हणतात. त्याच्या पायगुणानं साप अंगण ओलांडत नसे, असंही म्हणतात. ते सोडा. पण चोर पिंगळखडीला टाळून जात, हे खरं असावं.

मग कुलूप आलं.

बयाजी पाटलांनी ते पुण्याच्या बाजारातून आणलं. पितळेचं, नारळाएवढं, आणि वर वाघाचं तोंड. किल्ली एकच. ती पाटलांच्या बायकोनं, मैनानं, कमरेला लावली. कुलूप बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. पाटील प्रत्येकाला ते हातानं ओढून दाखवत. पाटलांची आई सगुणाआई मात्र ओसरीवर बसून म्हणाली, "लोखंडाचं असो की पितळंचं, बिळाला तोंड असतंच बाबा." पाटील हसले. म्हातारी माणसं बोलायचीच.

पण नुसतं कुलूप लावून पाटलांचं समाधान होईना. त्यांनी हैबतीला बोलावलं आणि सांगितलं, "नाईक, आम्ही घरी नसलो की रोज दोनदा यायचं. सकाळी अन् सांजंला. कुलूप हातात धरून ओढून बघायचं."

हैबती म्हणाला, "पाटील, मी कोऱ्या अंगणात पाय ठेवत न्हाई. माझा बा पन ठेवत नव्हता. आमी कडंनं फिरतो."

"आता ठेवायचा."

"मंग उद्या काय झालं तर माग कुनाचा वाचू? माझाच?"

पाटील मोठ्यानं हसले. म्हणाले, "अरं, आता मागाचं काम काय राह्यलंय? वाघ बसवलाय दारावर!"

हैबती वळून वाटेला लागला. तो गावाचा चाकर होता. चाकरानं एकदा सांगून बघायचं असतं, दुसऱ्यांदा सांगितलं की त्याला तोंड चालवणं म्हणतात.

त्या चैत्रात भैरोबाची जत्रा आली. शनिवारी सकाळी पाटलांची बैलगाडी जुंपली. जत्रेत गर्दी, हिसकाहिसकी, म्हणून दागिने घरीच ठेवायचं ठरलं. सगळे घराबाहेर पडले. सगुणाआई, काही राहिलं म्हणून, पुन्हा एकदा आत जाऊन आली. मग मैनानं कुलूप लावलं. कुलूप लावलं तरी हाताची सवय जाईना, म्हणून तिनं खराटाही घेतला आणि अंगण कोरं केलं. गाडी गेली.

शनिवार, रविवार, सोमवार. हैबती सकाळी आला, सांजेला आला. वाघाचं तोंड धरून ओढलं आणि गेला. मंगळवारी सकाळीही आला.

मंगळवारी दुपारी पाटील आणि मैना परतले. सगुणाआई जत्रेहून तशीच भावाच्या गावी गेली होती. मैनानं कुलूप उघडलं, आत गेली, पेटी उघडली आणि किंचाळली. लाल फडक्यातलं गाठोडं नव्हतं. तिच्या सासूचे, आजेसासूचे, तिच्या स्वतःच्या अंगावरचे, सगळे डाग, म्हणजे दागिने, त्यात होते. पाटील धावत बाहेर आले, त्यांनी पुन्हा दार लावलं, कुलूप अडकवलं आणि हैबतीला बोलावणं धाडलं. तोवर गाव जमलं होतं. हातात टोपल्या घेऊनच जमलं होतं.

हैबती अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग कडेकडेनं घराभोवती एक फेरा मारून आला. मागची भिंत बघितली, परड्यातली माती बघितली, छपराची कौलं बघितली. पुन्हा येऊन बसला. टोपली त्यानं एकही मागितली नाही. असं म्हणतात की त्या वेळी झाडावरचा कावळासुद्धा ओरडायचा थांबला होता.

शेवटी तो उभा राहिला आणि नेमाप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "ही पावलं माझी हायत."

त्यानं उंबऱ्यापर्यंत बोट फिरवलं.

"सात येळा आलो, सात येळा गेलो. सगळी पावलं दारापातुर हायत, आत एक बी न्हाई. तुमची आत्ताची पावलं सोडली तर शनवारपासनं ह्या अंगणात माझ्याबिगर कुनी आल्यालं न्हाई. मागनं न्हाई, वरनं न्हाई." मग तो पाटलांकडे बघून म्हणाला, "चोर आलाच न्हाई, पाटील. डाग घरातच हायत. घरात हुडका."

हे सगळं खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. पण गावाला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं.

केरबा तेली पुढं झाला. म्हणाला, "पावलं ह्याची, दुसरा कुनी आला न्हाई, असं ह्योच सांगतोय. मंग आता इचारायचं काय राह्यलं?"

मैना म्हणाली, "पन किल्ली माझ्या कमरंला हुती. कुलूप तर जसंच्या तसं हाय."

"वहिनीसाहेब," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "रामोश्याला किल्ली कशाला लागती?"

लोक हसले. ज्या माणसाच्या भरवशावर ते जन्मभर काडी लावून घराबाहेर पडले होते, त्याच्याबद्दल हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्या सहज आलं, जसं काही ते कधीपासून जिभेखालीच ठेवलेलं होतं. म्हणणारा कोण, ते मात्र गोष्टीत येत नाही. गर्दीतून कोणीतरी.

बयाजी पाटलांचा संताप वेगळाच होता. ते म्हणाले, "डाग घरात हायत म्हंतोस? म्हंजे माझी आई चोर, का माझी बायको?"

"चोर न्हाईच म्हनतोय मी, पाटील. चोर आलाच न्हाई."

"मंग डागांस्नी पंख फुटलं?"

"ते जमिनीनं सांगितलं न्हाई. जमिनीनं सांगितलं तेवढं मी सांगितलं."

त्यानं तेव्हा खोटं सांगितलं असतं तर सुटला असता. एक काल्पनिक पाऊल दाखवायचं, चार टोपल्या पालथ्या घालायच्या, ओढ्याच्या खडकापर्यंत गावाला न्यायचं आणि म्हणायचं की इथं माग मोडला. गावानं मान डोलावली असती. त्याच्या शब्दाची तेवढी किंमत होती. पण ते करायला तो दुसरा कोणी माणूस असायला हवा होता.

पाटलांनी त्याला चावडीत बसवलं आणि दोन माणसं पहाऱ्याला ठेवली. बाकीची, पाटील आणि केरबा पुढं, त्याच्या घराकडे निघाली.

धुरपा तेव्हा भाकरीचं पीठ मळत होती. सकाळीच तिनं आपलं अंगण झाडलं होतं. ती माणसं आली ती हातात पहारी, कुदळी घेऊन. धुरपा दारात आडवी झाली. म्हणाली, "काय पायजे ते सांगा, मी काढून देते. घरात हाय तरी काय?" त्यांनी तिला बाजूला केलं. चूल फोडली. भुई खणली. दाण्यांची मडकी एकेक करून जमिनीवर आपटली. देवाच्या टाकांचा कोनाडा उकरला. मागची भिंत ओली वाटली म्हणून ती पाडली. भिंत पडली तेव्हा वरचं छप्पर खाली आलं. उन्हं कलेपर्यंत हे चाललं होतं. सापडलं काय? दोन लुगडी, एक कांबळं, पायलीभर बाजरी आणि हैबतीच्या बापाची काठी.

गाठोडं नव्हतंच. आता हैबती निर्दोष म्हणायचं तर झालेली चूक कबूल करावी लागली असती. म्हणून गावानं ठरवलं की हैबतीनं ते आधीच लांब कुठंतरी पुरलं असणार. पाटलांनी सांगितलं, "दिवस मावळायच्या आत शीव सोडायची."

हैबती आपल्या घरापाशी आला. घर नव्हतं. धुरपा मळलेलं पीठ तसंच मांडीवर घेऊन उघड्यावर बसली होती. ती म्हणाली, "कोन कोन हुती, नावं सांगू?"

"नगं," तो म्हणाला. "मला दिसत्यात."

अंगण सकाळी कोरं केलेलं होतं. त्याच्यावर आलेल्या प्रत्येक माणसाचा पाय छापल्यासारखा उमटला होता. हैबती खाली बसून एकेक पाऊल बघत गेला. ज्याला काट्यातून सोडवलं होतं त्याचं पाऊल. ज्याचा हरवलेला बैल तीन शिवा ओलांडून आणला होता त्याचं. 

मग त्यानं गावाकडे तोंड करून हाक मारली, "टोपल्या द्या!"

एकही टोपली आली नाही.

धुरपानं आपल्या घरातल्या तीन टोपल्या ढिगाऱ्यातून ओढून काढल्या. एक सूप सापडलं, एक परात. बाकी फोडलेल्या मडक्यांच्या खापऱ्या होत्या. त्या पुरून उरल्या. हैबतीनं प्रत्येक माणसाचं एक ठळक पाऊल निवडलं आणि झाकलं. सगळी मिळून सत्तावीस पावलं झाली. मग तो बाजूला उभा राहिला. रिवाज असा होता की माग झाकला की ज्याचा आहे त्यानं यावं, नाही आला तर मागकऱ्यानं नाव घ्यावं. हैबती सूर्य मावळेपर्यंत उभा राहिला. कोणी आलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं नाही.

का घेतलं नाही? कोणी म्हणतं, राग शब्दांच्या पलीकडे गेला होता. कोणी म्हणतं, माया. धुरपानं जाताना त्याला हेच विचारलं, असं म्हणतात. तो म्हणाला, "ही परकी न्हाईत गं. ह्यांच्या ह्यांनी यावं."

नवराबायको कांबळं आणि काठी घेऊन निघाली. सकाळी गुराख्यांनी त्यांचा माग पाहिला. दोन माणसांची चार पावलं शेजारी शेजारी शिवेच्या धोंड्यापर्यंत गेलेली. धोंड्याच्या अलीकडे ती थांबलेली. पलीकडे काहीच नाही. पलीकडची माती कोरी. वाऱ्याची रेघसुद्धा नाही. जमिनीनं त्यांना पोटात घेतलं, असं म्हणतात.

आणि त्या दिवसापासून पिंगळखडीच्या मातीनं माग धरायचं सोडलं. बायका अंगण झाडत, माणसं त्यावरून चालत, पण पाऊल उमटेना. घरचं नाही, परक्याचं नाही, गुराचं नाही. पाण्यावरून चालावं तसं. चोरांना हे कळायला किती वेळ लागतो? वैशाखात दोन घरं फुटली. ज्येष्ठात तीन. अंगणं कोरीच्या कोरी. मग गावानं कुलपं आणली. कुलपं फुटली तेव्हा मोठी कुलपं आणली. कुत्री पाळली, भिंतींवर काचा लावल्या. एका घरानं दारच बुजवून खिडकीतून शिडी सोडली. आणि केरबा तेली रोज तिन्हीसांजेला आपल्याच दारात उलटा चालून बघे, टाच रुतते का. रुतत नसे.

इकडे सगुणाआई भावाच्या गावाहून चार दिवसांनी परतली. तिला वेशीतच सगळं समजलं. ती घरी आली आणि माजघरात जाऊन कणगीपाशी बसली. कणगी म्हणजे धान्य साठवायची माणसाएवढी कुडाची कोठी. शेणानं सारवलेली, काठोकाठ बाजरीनं भरलेली. त्या दिवसापासून म्हातारी कोणाला कणगीला हात लावू देईना. दळणापुरती बाजरी ती स्वतः वरवरची काढून देई. मैना म्हणे, "आत्याबाई, तुमचं गुडघं दुखत्यात, मी काढते." म्हातारी म्हणे, "माझ्या हाताला बरकत हाय." तिचं जेवण कमी झालं. रात्री ती उठून बसे. लेक विचारी, "आई, काय व्हतंय?" ती म्हणे, "काय न्हाई. माती वाजती."

श्रावणात तिनं अंथरूण धरलं. मग दळण काढायला मैना गेली. तोवर बाजरी बरीच खाली गेली होती. मैनानं हात खोल घातला तेव्हा बोटांना कापड लागलं. तिनं ओढलं. लाल फडकं होतं. गाठ तशीच होती.

सासू अंथरुणावरून बघत होती. म्हणाली, "कुलपावर माझा इस्वास नव्हता. गाडी जुंपत हुती तवा पुन्यांदा आत जाऊन ठिवलं. तुला सांगायचं राह्यलं. आल्यावर सांगनार हुते. आल्यावर बघते तर माझ्या लेकानं मानसाचं घर पाडल्यालं. मंग कुनाला सांगू? लेकाचं तोंड काळं करू?"

"आत्याबाई, चार महिनं!"

"ठिव आत, मैना. ठिव परत. बाजरी घाल वरनं."

मैनानं क्षणभर ते गाठोडं छातीशी धरलं. तिचंही घर होतं ते, तिचाही नवरा. मग ती उठली, भर पावसात अंगणात गेली, गाठोडं मधोमध ठेवलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, "गावकरी हो, या! नाईक खरं बोललं! चोर आलाच नव्हता!"

गाव आलं. गाठोड्याभोवती उभं राहिलं. कोणी कोणाकडे बघेना. सगुणाआई त्याच रात्री गेली.

बयाजी पाटील दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून बोरजाईला गेले. शिवेवर तिथला राखणदार भेटला, म्हातारा माणूस, हैबतीच्या बरोबरीचा. पाटील म्हणाले, "आमचा नाईक तुमच्याकडं आलाय का? त्याला मानानं परत न्यायला आलोय." म्हातारा म्हणाला, "पाटील, हैबतीचा माग आमच्या शिवंत आलाच न्हाई. मी सवता बघितलंय. धोंड्याच्या अलीकडं संपलाय तो. म्हंजे तुमच्या हद्दीत. रिवाज तुमाला ठावं हाय. माग जिथं संपला, जबाबदारी त्याची. तुमचा मानूस तुमीच हुडका."

पाटलांनी घोडं वळवलं. नंतर दहा वर्षं त्यांनी हैबतीला शोधलं, असं म्हणतात. गंगेपर्यंत माणसं पाठवली, असंही म्हणतात. तो कुठंच सापडला नाही.

पण परतताना ते वाटेत माळावर, हैबतीच्या पडलेल्या घरापाशी थांबले होते. चार महिन्यांचा वारा, वळीव, मग श्रावणाची झड, इतकं सगळं होऊन गेलं होतं. सूप कुजलं होतं. खापऱ्या मात्र जागच्या जागी होत्या. पाटलांनी एक खापरी उचलली. खालचं पाऊल ताजं होतं, आत्ता कोणी उठवल्यासारखं. पाटलांनी आपला पाय त्याच्याशेजारी ठेवून बघितला का, हे कोणी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथं खापरीच्या जागी एक नवी टोपली पालथी घातलेली होती, एवढं गुराख्यांनी पाहिलं. त्यानंतर आठवड्याभरात एकेक करून सगळ्या खापऱ्या गेल्या आणि तिथं टोपल्या आल्या. कधी आल्या, कोणी आणल्या, कळलं नाही. जो आला तो एकटा आला, आपल्या पावलावर टोपली घालून गेला. ती उचलून, हे माझं, असं म्हणायला कोणी थांबलं नाही.

तेव्हापासून रिवाज पडला. पिंगळखडीत आज घराघराला दोन दोन कुलपं आहेत. वेशीवर आणि चौकात कॅमेरे आहेत. पाटील गल्लीत एका दारावर माणूस आला की भोंगा वाजतो. तरीही परगावी निघताना बाई खराटा घेते, मागं सरत अंगण कोरं करते आणि म्हणते, "हैबतीबाबा, घर राख." फरशी घातलेल्या अंगणातसुद्धा म्हणते. माती पुन्हा माग धरू लागली आहे, असं म्हणतात, पण फक्त हैबतीच्या दिवसापुरती.

तो दिवस म्हणजे चैत्रातला पहिला मंगळवार. त्या दिवशी माळावर जत्रा भरते. ढोल वाजतात, नारळ फुटतात. बुरुडाकडून आणलेल्या सत्तावीस नव्या टोपल्या हळदकुंकू लावून मिरवत नेतात. जुनी टोपली डोळे मिटून उचलायची, नवी घालायची, खाली बघायचं नाही. सत्तावीस घराण्यांना ह्या टोपलीचा मान आहे. बापाकडून थोरल्या मुलाकडे तो मान जातो. पहिली टोपली पाटलांची, दुसरी तेल्यांची, असा क्रम ठरलेला आहे. मागं एकदा नवव्या आणि दहाव्या टोपलीवरून दोन घराण्यांत डोकी फुटली होती. ज्यांच्याकडे मान नाही ती घरं मनातून खट्टू असतात. मान मिळावा म्हणून त्यांनी ग्रामसभेत अर्जही केलेला आहे.

त्या मंगळवारी पिंगळखडीत एकच घर फोडलं गेलं होतं. ते हैबती नाईकाचं. ज्यांनी फोडलं त्यांच्या घराण्यांची नावं दर चैत्रात ढोलाच्या तालावर, लाऊडस्पीकरवरून, क्रमानं पुकारली जातात. पण हा मान ह्याच सत्तावीस घरांना का, हे आजवर एकाही घरानं सांगितलेलं नाही.